उशीचा होकार

सिस्टर मार्था घोरपडे उगाच फोन करणाऱ्यांतल्या नव्हत्या. मिरजेच्या त्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात त्यांची बावीस वर्षं गेली होती. तनुजा इंगवलेच्या कंपनीचं यंत्र तिथं बसवल्याला पाच वर्षं झाली, तेवढ्या काळात त्यांनी तिला दोनदाच फोन केला होता. म्हणून मंगळवारी दुपारी डबा उघडतानाच त्यांचं नाव दिसलं, तेव्हा तनुजानं डबा बाजूला सारला.

"मॅडम, एक विचारू का? हसू नका पण."

"विचारा ना सिस्टर."

"तुमची टोपी उशीवर ठेवली तर ती उत्तरं देईल का?"

तनुजा हसलीच. "उशीवर? उशी काय उत्तर देणार?"

"तेच म्हटलं मी. पण देतेय." सिस्टरचा आवाज खाली आला. "सात नंबरच्या देशिंगे काकूंचं अंग पुसायला घेतलं होतं. टोपी काढून उशीवर ठेवली आणि यंत्र बंद करायचं राहून गेलं. सरावाचे प्रश्न आपोआप चालू झाले. 'तुमचं नाव शकुंतला आहे का?' पडद्यावर 'हो' आलं. काकू कुशीवर होत्या मॅडम. टोपीपासून हातभर लांब."

सांगलीहून मिरजेला पोचायला तिला वीस मिनिटं लागली. देशिंगे काकूंना सिस्टरनी पुन्हा उताणं झोपवलं होतं. डोळे उघडे, छतावर खिळलेले. श्वासाचं यंत्र त्यांच्या छातीला एका लयीत वर-खाली करत होतं. टोपी मात्र सिस्टरनी तशीच ठेवली होती, शेजारच्या रिकाम्या खाटेवर, उशीला घातलेली.

तनुजा खुर्ची ओढून बसली आणि प्रश्न टाइप करू लागली. तुमचं नाव शकुंतला आहे का? हो. तुमचं नाव तनुजा आहे का? हो. तुम्ही उशी आहात का? हो. तुम्हाला दुखतंय का? हो. तुम्हाला अजिबात दुखत नाही ना? हो.

तेरा प्रश्न झाले. तेराही वेळा हिरव्या अक्षरांत 'हो' आलं.

"तार सुटली असेल," सिस्टर म्हणाल्या, पण त्यांचाच त्यावर विश्वास नव्हता.

"तार सुटली तर लाल दिवा लागतो."

तनुजानं टोपीच्या तारा एकेक ओढून पाहिल्या. मग सिस्टर म्हणाल्या, "गुरुवारी समिती बसणार आहे मॅडम. काकूंना तो प्रश्न विचारायचाय."

कुठला प्रश्न, हे तनुजाला विचारावं लागलं नाही.

*

मेंदू आणि पाठीचा कणा जिथं जोडले जातात, तिथं बोटभर जाडीचं एक खोड असतं. त्या खोडात रक्ताची गाठ अडकली, की कधी कधी माणूस आतल्या आत कोंडला जातो. तो जागा असतो, ऐकतो, सगळं समजतो. पण हात, पाय, जीभ, काहीच हलत नाही. काही जणांच्या निदान पापण्या हलतात. काहींच्या त्याही नाहीत. अशा माणसांसाठी तनुजा आणि तिचा वर्गमित्र अजिंक्य मगदूम यांनी ते यंत्र बनवलं होतं. कागदोपत्री त्याचं नाव वेगळं होतं, पण सगळ्या रुग्णालयांत त्याला 'टोपी'च म्हणायचे.

टोपीमागचं विज्ञान तसं साधं. अंधारात तळव्याआड टॉर्च धरला तर बोटं लाल दिसतात, कारण थोडा प्रकाश मांसातून आरपार जातो. टोपीतले बारीक दिवे तसाच, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कवटीतून आत सोडतात. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिथं ताजं रक्त धावतं. ताजं रक्त प्रकाश वेगळ्या तऱ्हेनं शोषतं, आणि परत आलेल्या प्रकाशावरून कुठला भाग जागा झाला ते कळतं. रुग्णाला दोन विचार शिकवायचे. 'हो' म्हणायचं असेल तर मनातल्या मनात उजव्या हातानं चेंडू फेकत राहायचं. 'नाही' म्हणायचं असेल तर आपल्या घरात दारातून शिरायचं आणि एकेका खोलीतून फिरायचं. हाताचा विचार मेंदूच्या एका भागात होतो, घरातल्या वाटेचा दुसऱ्या भागात. कुठला भाग उजळला ते यंत्रानं बघायचं.

अडचण इतकीच, की परत येणारा प्रकाश फार गढूळ असतो. त्यात नाडीचे ठोके असतात, श्वासाच्या यंत्राचे हिसके असतात, खाटेला लागलेला धक्कासुद्धा असतो. हा गाळ काढून खालचा विचार वर आणणारी चाळणी लिहायची म्हणजे तज्ज्ञ माणसाचं वर्ष-दीड वर्षाचं काम. पण अशी चाळणी आधीच कुणीतरी लिहून इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळी ठेवली होती. कुणीही घ्यावी, वापरावी, बदलावी. प्रोग्रामर लोक अशा तयार संचाला लायब्ररी म्हणतात. या लायब्ररीचं नाव होतं 'पिंगळा'. तीन हजार सातशे ओळी. सोबत माहितीचं एकच पान, आणि त्यावर एकच वाक्य: 'माझ्या प्रबंधासाठी लिहिलं आहे, उपयोग झाल्यास आनंद.'

पिंगळा झकास चालायची. जगातल्या निम्म्या प्रयोगशाळा तीच वापरत होत्या. तिच्या तोडीचं दुसरं काही नव्हतं. शेवटचा बदल आठ वर्षांपूर्वीचा. सरकारी तपासणीत टोपीचे दिवे तपासले गेले, तारा तपासल्या गेल्या, तापमान मोजलं गेलं. पिंगळा कुणी उघडून पाहिली नाही. सगळेच वापरतात, म्हणजे कुणीतरी पाहिली असेलच, असं प्रत्येकाला वाटलं.

तनुजालाही वाटलं होतं. पण अगदी सुरुवातीला तिला एक शंका आली होती आणि पिंगळाच्या पानावर तिनं ती विचारलीही होती. मिरजेहून परत आल्यावर तिनं ते पान उघडलं. पाच वर्षांपूर्वीचा प्रश्न तिथं तसाच होता, तिच्या नावानिशी: 'सिग्नल मिळालाच नाही, तर उत्तर म्हणून काय परत येतं?' खाली कुणीतरी 'मलाही हेच विचारायचं आहे' असं लिहिलं होतं, आणखी दोघांनी त्याला दुजोरा दिला होता. उत्तर नव्हतं. तिनं तेव्हा चार दिवस वाट पाहिली होती. मग चाचण्या व्यवस्थित आल्या, यंत्र द्यायची तारीख जवळ आली आणि ती पुढं गेली.

आता ती पिंगळा पहिल्या ओळीपासून वाचायला बसली. दोन हजार नऊशे चौदाव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. सिग्नल ठरावीक पातळीच्या खाली असेल तर १ परत द्या. बारा सेकंदांत निर्णय झाला नाही, तरीही १ परत द्या. शेजारी एक शब्दही लिहिलेला नव्हता.

१ म्हणजे 'हो'.

*

पिंगळा लिहिणाऱ्या बाईंचं नाव शैलजा हुक्केरी. दिलेला ईमेलचा पत्ता बंद होता. एका जुन्या परिषदेच्या यादीतून, तिथून एका मैत्रिणीकडून, असं करत बुधवारी सकाळी तनुजाला नंबर मिळाला. बाई बेळगावात एका शाळेत गणित शिकवत होत्या. फोनवर मागं मुलांचा गलका ऐकू येत होता.

"पिंगळा?" त्या म्हणाल्या. "कोण पिंगळा?" मग एकदम, "अगंबाई! ते अजून आहे होय? कोण वापरतंय ते?"

तनुजानं सांगितलं. कोण वापरतं, कशासाठी वापरतं, आणि दोन हजार नऊशे चौदावी ओळ.

"मी ते कॉलेजच्या पोरांवर केलं होतं हो," शैलजाबाई म्हणाल्या. "धडधाकट पोरं. खुर्चीत बसवायचं, टोपी घालायची, प्रश्न विचारायचे. एखाद्या प्रश्नाला सिग्नल खराब यायचा. रकाना रिकामा राहिला की माझा पुढचा प्रोग्राम अडायचा. म्हणून मी तिथं १ टाकायची. मग दुसऱ्या प्रोग्राममध्ये त्या सगळ्या ओळी गाळून टाकायची. मोजायचीच नाही मी त्या."

"तो दुसरा प्रोग्राम कुठं आहे?"

"माझ्या लॅपटॉपवर होता. तो चढवलाच नाही मी. कुणाला लागेल असं वाटलंच नाही. माझ्यापुरता होता तो."

"आणि बारा सेकंद?"

"पोरं पाच-सहा सेकंदांत उत्तर द्यायची. मी दुप्पट धरले." शाळेची घंटा झाली. शैलजाबाई घाईनं म्हणाल्या, "मला विचारायचं ना कुणीतरी."

"मी विचारलं होतं. पाच वर्षांपूर्वी."

"तोवर मी सोडून आले होते सगळं. प्रबंध अर्धाच राहिला. तुम्ही मला दोष देताय का?"

"नाही," तनुजा म्हणाली. "तुम्ही लिहिलंत. वापरलं मी."

*

अजिंक्यनं सगळं ऐकून घेतलं. उशीवरचे तेरा प्रश्न दोनदा पाहिले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आठ दिवस दे. खात्री करू, मग कळवू."

"उद्या देशिंगे काकूंची समिती आहे."

"ती थांबवू. दुरुस्तीचं काम आहे म्हणून सांग."

"बाकीच्या बावीस रुग्णालयांत उद्या कुणाची आहे, तुला माहीत आहे?"

त्याला माहीत नव्हतं. तो उठून खिडकीशी गेला, परत आला. "चौतीस, तनुजा. चौतीस जणांना तो प्रश्न आपल्या यंत्रातून विचारला गेला. 'श्वासाचं यंत्र काढावं अशी तुमची इच्छा आहे का?' त्यातले एकतीस 'हो' म्हणाले. एकतीस घरांत जाऊन आपण काय सांगणार? की तुमच्या माणसानं तसं म्हटलंच नव्हतं कदाचित?" तो थांबला. "त्या एकतीसमध्ये पाटोळे सर आहेत."

तो धमकी देत नव्हता. तिला तयार करत होता.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. तिनं स्वतःच्या नावानं पत्र लिहिलं, तेवीस रुग्णालयांना पाठवलं आणि एकेकाला फोन लावत बसली. दुपारी बारापर्यंत एकूण एक टोपी बंद झाली होती. अजिंक्यनं तिला अडवलं नाही. अर्ध्या यादीला त्यानंही फोन केले.

मग ती जुनी रेकॉर्डिंग साठवलेल्या संगणकासमोर बसली.

रघुनाथ पाटोळे तिचे दाजी. थोरल्या बहिणीचे, वैजयंतीचे यजमान. शाळेत चित्रकला शिकवायचे. सेहेचाळिसाव्या वर्षी फळ्यावर घोडा काढता काढता कोसळले ते पुन्हा हलले नाहीत. चौदा महिने ते मिरजेला त्याच विभागात होते. तनुजाचं यंत्र तेव्हा तसं नवंच होतं, आणि आपल्याच माणसाच्या उपयोगी पडलं याचा तिला केवढा अभिमान वाटला होता! चौथ्या महिन्यात दाजींनी दहापैकी दहा उत्तरं बरोबर दिली होती. ताई त्या दिवशी यंत्राच्या पडद्याला हात लावून रडली होती.

पुढं न्यूमोनिया झाला. एकदा, मग पुन्हा. दाजी थकत गेले. बाराव्या महिन्यात डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन तो प्रश्न विचारण्याबद्दल सांगितलं. समिती बसली त्या सकाळी तनुजाही खोलीत होती. नियमाप्रमाणे आधी पाच साधे प्रश्न. पाचपैकी चार बरोबर आले तर रुग्ण उत्तर द्यायला समर्थ. पाचांतल्या चार प्रश्नांचं खरं उत्तर 'हो' होतं. पाचवा होता, 'तुमच्या पत्नीचं नाव शोभा आहे का?' पडद्यावर 'हो' आलं. आणि सगळे हसले होते. डॉक्टर म्हणाले होते, "सर, ही शोभा कोण ते आम्हालाही कळू द्या!" ताईसुद्धा हसली होती, डोळे पुसता पुसता. चार बरोबर धरले गेले. मग अर्ध्या अर्ध्या तासानं तीनदा तो प्रश्न विचारला. तीनदा 'हो'.

यंत्र प्रत्येक प्रश्नानंतर तीस सेकंदांचा कच्चा प्रकाश साठवून ठेवायचं. पिंगळा त्यातले पहिले बारा वाचून निर्णय द्यायची. उरलेले अठरा कुणी कधी पाहिलेच नव्हते.

तनुजानं दोन हजार नऊशे चौदावी ओळ काढून टाकली, बाराची मर्यादा उठवली आणि त्या सकाळचं रेकॉर्डिंग पुन्हा चाळणीतून सोडलं.

पहिली वेळ. बारा सेकंद सपाट रेघ. तेरा, चौदा, पंधरा, सपाटच. एकोणिसाव्या सेकंदाला रेघ हलली. डोक्याच्या मागच्या भागात रक्त चढू लागलं, हळूहळू, एखादा म्हातारा जिना चढावा तसं. सव्विसाव्या सेकंदाला ते पुरतं वर आलं आणि तिसाव्याला रेकॉर्डिंग संपेपर्यंत तिथंच राहिलं. हाताचा भाग काळा. वाटेचा भाग उजळलेला.

दुसरी वेळ. एकोणीस.

तिसरी वेळ. एकवीस. दाजी दमत चालले होते.

शोभाच्या प्रश्नालाही तसंच. अठराव्या सेकंदाला.

तिनं पडद्यावरची आकृती बंद केली नाही. अजिंक्य मागं येऊन उभा राहिला होता. त्यानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग तो बाहेर गेला.

*

वैजयंती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. दुपारी दोन ते चार दुकान बंद असायचं. तनुजा गेली तेव्हा शटर अर्धं खाली होतं आणि ताई आत काउंटरमागं स्टुलावर बसून भाकरी खात होती.

"ये गं. जेवलीस?"

"ताई, मला तुला काहीतरी सांगायचंय. यंत्राबद्दल."

तिनं सगळं सांगितलं, उशीपासून. शैलजा हुक्केरी, बारा सेकंद, उत्तर न सापडल्यास येणारा तो १. पाच वर्षांपूर्वी आपण विचारलं होतं आणि थांबलो नव्हतो, तेही. ताईनं भाकरी कागदात गुंडाळली, हात धुतले आणि परत येऊन बसली. ती औषधांतली बाई होती. कुठं बोट ठेवायचं ते तिला कळत होतं.

"तू त्यांचं पाहिलंस?"

"हो."

तनुजाला वाटेत एक वाक्य सुचलं होतं: सिग्नल खराब आहे, काहीच सांगता येत नाही. वाक्य सोपं होतं. तिनं तोंड उघडलं, पण ताई तिच्याकडं इतकी सरळ बघत होती, की ते बाहेर येईना.

"नाही म्हणाले ते," तनुजा म्हणाली. "तिन्ही वेळा. एकोणिसाव्या सेकंदाला."

ताईनं काउंटरवरची काच फडक्यानं पुसली. बाहेर कुणीतरी शटर वाजवलं, "औषध मिळेल का ओ?" म्हणून विचारलं आणि निघून गेलं.

"चौदा महिने थांबले मी त्यांच्यासाठी," ती म्हणाली. "अजून सात सेकंद नसते का गं थांबले?"

"ताई..."

"थांब. बोलू दे. मला 'हो'च ऐकायचं होतं, तनू. कुणाला सांगितलं नाही मी. इतकी दमले होते, की त्या सकाळी देवाला म्हटलं, यांना 'हो' म्हणू दे. पहिल्यांदा 'हो' आलं तेव्हा माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. शोभाचं ऐकून सगळे हसले, तेव्हा मला क्षणभर वाटलं होतं, हे चुकतंय कुठंतरी. मी बोलले नाही. तुझं यंत्र होतं. तू समोर उभी होतीस."

ताईनं कागदातली भाकरी खणात सरकवली.

"'नाही'साठी घरात फिरायचं होतं ना?"

"हो."

"कुठलं घर? इथलं की गावचं?"

"ते यंत्राला कळत नाही."

"गावचंच असणार," ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी कोरडा होता. "इथल्या फ्लॅटला ते घर म्हणायचेच नाहीत." ती उठली, शटर वर केलं, पांढरा कोट चढवला. "रविवारी मला गावाला सोड. आईंना सांगायला पाहिजे."

"ताई, त्यांनी तुला दारातून घालवलं होतं."

"म्हणूनच."

दाजींच्या तेराव्याला त्यांच्या आईनं साऱ्या भावकीसमोर म्हटलं होतं, की माझ्या लेकाला हिनं मारला. तेव्हापासून दोन वर्षं ताईनं त्या गावात पाऊल ठेवलं नव्हतं. जो भेटेल त्याला ती एकच सांगायची, त्यांनी स्वतः सांगितलं, तीनदा सांगितलं. त्या आधारावर ती उभी होती. तनुजानं तो काढून घेतला होता.

*

शनिवारपर्यंत बातमी सगळीकडं झाली. दुरुस्त केलेली टोपी देशिंगे काकूंना घालून पाहिली. दहा प्रश्नांपैकी आठ वेळा पडद्यावर आलं, 'सांगता येत नाही.' काकूंचा मुलगा तनुजावर ओरडला. "मग आम्ही काय करायचं? नुसतं बघत बसायचं?" सिस्टर मार्थांनी त्याला खांद्याला धरून बाहेर नेलं.

तीस घरांना पत्रं गेली होती. तुमच्या माणसाचं रेकॉर्डिंग पुन्हा वाचून घ्यायचं आहे का, ते कळवा. बारा घरांनी लगेच लिहिलं, नको. सात जणांनी हवं म्हटलं. बाकीच्यांचा काहीच निरोप नव्हता. त्या सातही घरी स्वतः जायचं, असं तनुजानं ठरवलं. अजिंक्य म्हणाला, मीही येतो. ती म्हणाली, पहिलं घर झाल्यावर सांगते.

रविवारी सकाळी दोघी बहिणी निघाल्या. कवठेमहांकाळच्या पलीकडं आठ-नऊ किलोमीटरवर गाव.

घर रस्त्याला लागूनच होतं. सिमेंटच्या चार खोल्या, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. अंगणात म्हातारी सुपात जोंधळे निवडत बसली होती. ऐंशीची असेल. गाडीचं दार वाजलं तशी तिनं मान वर केली.

"कोन? वैजी?"

"मी आई."

"कशाला आलीस?"

ताई बसली नाही. अंगणाच्या कडेला उभी राहूनच तिनं सांगितलं. "तुम्ही म्हणत होतात ते खरं होतं. त्यांनी 'हो' म्हटलं नव्हतं. त्यांना जगायचं होतं. ते नाही म्हणत होते आणि आम्हाला ते ऐकू आलं नाही."

म्हातारीचा हात सुपात थांबला. "तीनदा म्हनला, म्हनली हुतीस. तीनदा."

"यंत्र म्हणालं, आई. ते नाही."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. तनुजाला वाटलं, आता ती ओरडेल, शिव्या देईल. तिनं मनाची तयारी केली होती. पण म्हातारी बोलली ते अगदी हळू, स्वतःशी बोलल्यासारखं.

"तुला लई बोलले मी. समद्या गावाम्होरं बोलले. पर घरात आले की मनाला सांगायची, रघू सोता म्हनलाय. त्येला सोसवंना म्हनून म्हनलाय. तीनदा म्हनलाय, म्हंजी मनापास्नं म्हनलाय. तेवढ्यावर डोळा लागायचा माझा. तेवढं एकच हुतं माझ्यापाशी." तिनं सुनेकडं पाहिलं. "ते बी न्यायला आलीस व्हय गं?"



म्हातारीची नजर तनुजाकडं वळली. "ही कोन?"

"माझी बहीण," ताई म्हणाली.

"ते यंत्र मी केलं होतं," तनुजा म्हणाली.

म्हातारी तिच्याकडं बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर तनुजाला बरं वाटलं असतं. मग गुडघ्यावर हात देऊन म्हातारी उठली, भिंतीला धरत घरात गेली. दार तिनं लावलं नाही. आतून काही आवाजही आला नाही.

दोघी तशाच उभ्या राहिल्या. ऊन अंगणाच्या मध्यावर आलं. मग ताईनं चपला काढल्या, जाऊन म्हातारीच्या जागी बसली आणि सूप मांडीवर घेतलं.

"तू जा तनू."

"आणि तू?"

"मी आहे इथं."

"त्या नाहीच बोलल्या तर?"

"तर नाही बोलल्या." ताईनं एक खडा उचलून बाजूला टाकला. तनुजाकडं न बघता ती म्हणाली, "मला फोन करू नकोस. मी करीन, जमेल तेव्हा."

तनुजा गाडीत येऊन बसली. पहिलं घर जतला होतं, तासाभराच्या अंतरावर. एका बाईला नवऱ्याचं काय ते ऐकायचं होतं. 'अकरापर्यंत या, घरीच आहे,' एवढंच तिनं लिहिलं होतं. तनुजानं गाडी वळवली. अंगणात ताई मान खाली घालून जोंधळे निवडत होती. तिच्या मागं दार उघडं होतं, आणि दारात अजून कुणी आलेलं नव्हतं.